अक्कांनी आणलेला जिना

सोलापुरात एखादी खोली रिकामी आहे आणि आमच्या अक्कांना ती ठाऊक नाही, असं आजवर घडलेलं नाही. शहरात घरं किती, हे अक्कांना सांगता येणार नाही. पण कुठल्या घरात सकाळचं ऊन स्वयंपाकघरापर्यंत येतं, कुठल्या मालकिणीला कढीपत्त्याचं पान तोडलेलं खपत नाही, कुठल्या खोलीत जोरात शिंकलं तर पलीकडच्या भिंतीतून "सांभाळून" असा आवाज येतो आणि कुठल्या गल्लीत नळाला पाणी यायच्या आधी बायका घागरी घेऊन भांडायला हजर असतात, हे सगळं त्यांना तोंडपाठ आहे. अक्का म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. माझं लग्न ठरलं तेव्हा सासऱ्यांनी माझ्या पगाराची चौकशी केली, सासूबाईंनी माझ्या खाण्यापिण्याची केली. अक्कांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि एकच प्रश्न विचारला, "पावणं, झोपताना पाय कुनीकडं करता?" मी नातेपुत्याचा साधा माणूस. सोलापूरच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक म्हणून नुकताच लागलेलो. मुलीकडचे लोक असलंही काही विचारतात याची मला कल्पना नव्हती. मी घाबरून "जिकडं जागा असेल तिकडं" म्हणालो. अक्का खूश झाल्या. "चांगला हाय पोरगा. ह्याला खोली शोधायला सोपं जाईल," असं त्यांनी जाहीर केलं, आणि माझं लग्न खऱ्या अर्थानं तिथं ठरलं.

खोली बघायची त्यांची एक रीत होती. इतर लोक भिंती बघतात, फरशी बघतात, मोरी बघतात. अक्का आत शिरल्या की सरळ जमिनीवर आडव्या व्हायच्या. नऊवारी सावरून, डोक्याखाली पिशवी घेऊन, डोळे मिटून पडायच्या. मालक बिचारा किल्ली हातात धरून दारात उभा. मग कूस बदलायच्या, पाय दुसऱ्या भिंतीकडे करायच्या. आमच्यासाठी खोली बघताना त्या अशा पडल्या आणि बराच वेळ उठल्याच नाहीत. मालक मला हळूच म्हणाले, "बाईंना चक्कर वगैरे…?" तेवढ्यात अक्का जांभई देत उठून बसल्या आणि म्हणाल्या, "घेऊन टाका. हितं झोप लागतीया." खोली पसंत पडली की त्या मालकांकडे वळायच्या आणि त्यांची मुलाखत घ्यायच्या. भाडेकरूची माहिती मालकानं विचारायची असते, हा जगाचा नियम अक्कांना मान्य नव्हता. "राग आला की तुमी काय करता? बोलता की अबोला धरता?" असं त्या भल्याभल्या निवृत्त साहेबांना विचारायच्या. अबोला धरणाऱ्यांच्या घरी त्यांनी कधीही कुणाला राहायला पाठवलं नाही. "ओरडणारा मानूस दमतो की वो. गप बसणारा दमत न्हाय," असं त्यांचं म्हणणं. माझे साडू अतिशय शांत गृहस्थ होते, त्यामुळे हे वाक्य त्या कुठल्या अनुभवावरून बोलायच्या हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. अर्थात साडूंच्या शांतपणात त्यांचा स्वतःचा वाटा किती आणि बोलायला संधीच न मिळण्याचा किती, हे सांगणं कठीण आहे. महामारीच्या काही वर्षं आधी ते गेले, तेही न बोलताच.

या सगळ्या उद्योगाचा मोबदला म्हणून अक्का काही घेत नसत. अट एकच. नव्या घरातला पहिला चहा त्यांचा. आणि तो फिका झाला तर त्या पुन्हा करायला लावायच्या, कारण पहिला चहा बिघडला की शेगडी रुसते असा त्यांनी स्वतःच काढलेला एक समज होता. चहा पिऊन झाला की घर 'लागलं'. मग ते घर मोडू द्यायचं नाही, ही जबाबदारी त्यांची. सहा महिन्यांनी, वर्षानं त्या अचानक उगवायच्या, मालकाकडे थोडा वेळ, भाडेकरूकडे थोडा वेळ बसायच्या, दोघांच्या एकमेकांविषयीच्या तक्रारी ऐकायच्या आणि एकाची तक्रार दुसऱ्याला सांगताना तिचं असं काही कौतुक करून टाकायच्या, की ऐकणाऱ्याला वाटावं आपण उगीच चिडलो.

अक्कांच्या भाषांविषयीही सांगायला हवं. माहेर अक्कलकोटकडचं, त्यामुळे घरात मराठी आणि कन्नड दोन्ही एकाच ताटात. भाडेकरूंशी त्या मराठी बोलत, मालकांशी भांडायचं असलं तर कन्नड. मागवाल्यांच्या वस्तीत तेलुगू आणि वेल्डिंगच्या दुकानात दखनी उर्दू. शेवटच्या दोन भाषा त्यांना येत नव्हत्या, पण न येणारी भाषा जरा मोठ्यानं बोलली की समोरच्याला कळते, या विश्वासावर त्यांचं आयुष्य सुरळीत चाललं होतं. एकदा पुण्यातून आलेले एक तरुण मालक ऐटीत म्हणाले, "हे बघा मावशी, शेवटी मला मनी पाहिजे, मनी!" आता कन्नडमध्ये मनी म्हणजे घर. अक्कांनी त्यांच्याकडे फार कणवेनं पाहिलं. "अय्यो! मनी तर तुमचंच हाय की लेकरा. कोन घेतंय तुमचं मनी? भाडं तेवढं जरा कमी करा." तो तरुण इतका गोंधळला की त्यानं खरंच कमी केलं.

मग महामारीचं ते वर्ष आलं. माग थांबले. सोलापूरच्या माणसाला मागाचा खडखडाट पाळण्यापासून ऐकायची सवय. तो बंद झाल्यावर आमच्या शेजारच्या आजोबांना शांततेनं झोप येईना. रस्ते ओस पडले. घरात बसा, घरात बसा, असं गल्लीतून फिरणारी गाडी कर्ण्यावरून सांगायची. अक्का दारात उभ्या राहून ते ऐकायच्या. एक दिवस मला म्हणाल्या, "बरोबर सांगत्यात. पन ज्याचं घरच जातंय त्यानं कुटं बसायचं, हे कोन सांगनार वो पावणं?"

मला तेव्हा तो प्रश्न नीट कळला नव्हता. माझं कॉलेज बंद होतं, पगार येत होता, मी घरात बसून भाकरी करायला शिकत होतो. पण अक्कांच्या फोनवर एकामागून एक त्यांनी लावलेली घरं कण्हायला लागली होती. कुणाचा कारखाना बंद, कुणाची रिक्षा दारात उभी. काही मालकांना भाड्याची चिंता, काहींना रोगाची भीती. त्यांच्यातला कुणी राक्षस नव्हता. घाबरलेली माणसं होती आणि घाबरलेल्या माणसाला आधी परकं कोण आहे ते दिसतं. भाडेकरू तर वरच्याच मजल्यावर असतो.

अक्कांनी आधी तोंडाला बांधायची सोय केली. जाड सोलापुरी चादरीचा तुकडा कापून त्यांनी तो नाकापासून हनुवटीपर्यंत आवळला. त्यातून विषाणूच काय, हवासुद्धा विचारून आत जात असावी. मग एक प्लॅस्टिकचं स्टूल आणि पाण्याची बाटली घेऊन त्या निघाल्या. पहिलं घर एका माग कामगाराचं. बायको, तीन मुलं, म्हातारे वडील. मालकानं खोली सोडायला सांगितली होती. अक्का मालकाच्या दारासमोर, नेमून दिलेलं अंतर राखून, रस्त्याच्या कडेला स्टुलावर बसल्या. मालक खिडकीतून म्हणाला, "काय पाहिजे?"

"काय न्हाय. बसलेय."

"किती वेळ बसणार?"

"तुमी चिडला न्हाई ना? मग बसते की. घरात एकटीला करमत न्हाय."

समोरच्या गॅलऱ्यांतून माणसं बघायला लागली. त्या दिवसांत लोकांना बघायला दुसरं काही नव्हतंच. कुणी विचारलं, "अक्का, इथं कशा?" की अक्का मालकाची स्तुती सुरू करायच्या. हा मानूस किती दिलदार, ह्याच्या आईनं माझ्या बहिणीच्या लग्नात कशी मदत केली, ह्याच्या घरात कधी कुनाला बाहेर काढलेलं मला ठावं न्हाय. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पुन्हा स्टूल घेऊन गेल्या, तर मालकच बाहेर आला आणि हात जोडून म्हणाला, "राहू दे त्याला कारखाना सुरू होईपर्यंत. पण तुम्ही माझं कौतुक थांबवा." पुण्यातल्या एका मालकाला त्यांनी फोनवरच जिंकलं. "घर रिकामं करा म्हनताय, करते. पन मग कबुतरं येनार. ती भाडं देत न्हाईत, वर घान करत्यात आनि त्यांना नोटीस बी देता येत न्हाय," असं त्यांनी इतक्या मोठ्यानं सांगितलं की फोन नसता तरी पुण्यापर्यंत पोचलं असतं.

पण एका घरापुढं त्यांचं स्टूलही हरलं आणि कौतुकही.

ते घर दुमजली. खाली मालक आणि त्यांची बायको, वर एक परिचारिका आणि तिची आई. तिला सगळे सिस्टरच म्हणत. सरकारी दवाखान्यात कामाला, त्या दिवसांत रोजच त्या आजाराच्या वॉर्डात. आईला धड चालता यायचं नाही. अक्कांनीच त्यांना हे घर लावून दिलं होतं. मालक रेल्वेच्या बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले, हातातली पट्टीसुद्धा सरळ रेषेत ठेवणारे गृहस्थ. त्यांच्या बायकोला, काकूंना, जुना दमा. आणि वर जायचा जिना त्यांच्याच पुढच्या खोलीतून. म्हणजे सिस्टर दवाखान्यातून आली की काकूंच्या पलंगाजवळून वर जाणार. मालकांनी रविवारपर्यंत जागा सोडायला सांगितली.

अक्का मला घेऊन तिथं गेल्या, तेव्हा सिस्टर बाहेरच्या पायरीवर बसली होती. मांडीवर पिशवी, चेहऱ्यावर मास्कचे वळ. ती रडत नव्हती. रडायलाही थोडं बळ लागतं. "अक्का, दवाखान्यातली कोण म्हटलं की फोनच ठेवतात," ती म्हणाली. "मी कुठं पण झोपेन. आईला कुठं नेऊ?" अक्का खिडकीशी गेल्या. मालक आतून म्हणाले, "तुम्ही माझं कितीही कौतुक करा, मी ऐकणार नाही. हिला काही झालं तर?" आत काकू खोकत होत्या. अक्का गप्प झाल्या. माझ्या संसाराच्या एवढ्या वर्षांत मी त्यांना गप्प झालेलं पहिल्यांदा पाहिलं.

परत येताना त्या घराजवळ आल्यावर थांबल्या. "पावणं, मालक खोटं बोलत न्हाईत. भीती खरी हाय. तिला शिव्या देऊन ती जानार न्हाय. तिला वाट वेगळी करून द्यायला पायजे." मी म्हटलं, "म्हणजे?" त्या म्हणाल्या, "म्हनजे जिना."

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा एक कारखाना बरीच वर्षं बंद पडलेला होता. त्याच्या आवारात गवतात एक गोल, नागमोडी लोखंडी जिना आडवा पडलेला होता. तो कुणाचा, तिथं कसा, हे कारखान्याच्या मालकाच्याही ध्यानात नसेल, पण अक्कांनी तो कधीतरी जाता जाता बघून ठेवला होता. त्यांनी मालकाला फोन केला. "तो गवतातला जिना मी नेते." पलीकडून काहीतरी प्रश्न आला असावा. "चढायला," असं उत्तर देऊन त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी पहाट झाल्यावर आमची वरात निघाली. कापडाचे गठ्ठे वाहायची एक लांब हातगाडी, ती ओढायला तो घर वाचलेला माग कामगार, मागून ढकलायला मी आणि अक्कांनीच कधीकाळी खोली लावून दिलेला एक वेल्डर. जाताना गाडी हलकी होती, मी गुणगुणतही होतो. येताना जिना गाडीवर चढला आणि माझ्या गाण्याचा शेवट झाला. गाडीच्या पुढं आणि मागं तो असा वाकडातिकडा डोकावत होता, की लांबून बघणाऱ्याला एखादा मोठा प्राणी पकडून आणल्यासारखं वाटावं. भाजीपाला आणायला सकाळी थोडी सूट असायची. अक्कांनी वाटेतल्या एका बाईकडून मेथीच्या जुड्या घेतल्या आणि जिन्याच्या पायऱ्यांवर एकेक मांडली. "आता भाजीची गाडी झाली," त्या म्हणाल्या, आणि पदर खोचून वरातीच्या पुढं चालू लागल्या. मागून माझा घाम, वेल्डरचे "अल्ला, अल्ला" आणि माग कामगाराचं तेलुगूतलं पुटपुटणं. पुढून अक्कांचा आवाज यायचा, "पावणं, नीट धरा की! मेथी सांडतीया!"

चौकात हवालदारांनी काठी आडवी केली.

"कुठं?"

"घरी," अक्का म्हणाल्या.

"हे काय?"

"मेथी हाय."

हवालदारांनी गाडीभोवती एक फेरी मारली. "मेथी दिसली. मेथीखाली काय आहे?"

"जिना."

"पास आहे?"

"जिन्याला पास लागतो व्हय?"

"माणसांना लागतो!"

"मग जिन्याला जाऊ द्या. आमी हितंच थांबतो."

हवालदारांना हसू आवरेना, पण काठी हलेना. तेव्हा अक्कांनी तोंडावरची चादर सारखी केली आणि चेष्टा सोडून सगळं खरं सांगितलं. सिस्टर, तिची आई, काकूंचा दमा, रविवार. हवालदार ऐकत राहिले. मग रस्त्याकडे बघत म्हणाले, "मला पण आमचे घरमालक मागच्या दारानं येत जा म्हणालेत. माझी पोरं आता बाबा आले म्हणून मागं पळतात." मग त्यांनी काठी काखेत धरली, गाडीला हात लावला आणि चौकातल्या चढावरून ती वर काढून दिली. अक्कांनी त्यांना मेथीची एक जुडी दिली. त्यांनी ती घेतलीही.

गाडी दारात आली तेव्हा मालक खिडकीत होते. "हे काय आणलंय? मी मागितलं होतं?"

"सिस्टरनं तुमच्या खोलीतनं जायचं न्हाय म्हनालात न्हवं? मग आजपासनं ती जात न्हाय. गल्लीतनं सरळ वर. तुमी दाराला आतनं कडी घाला, कुलूप घाला, काय बी करा."

"माझ्या घराला कुणी हात लावायचा नाही!"

"हात न्हाय लावत. जिना लावतो."

आम्ही जिना उभा केला. आणि तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं, की तो तोकडा आहे. कारखान्याचा मजला बुटका असावा. शेवटची पायरी गॅलरीच्या बरीच खाली, कमरेएवढं अंतर सोडून संपत होती. तेवढ्यासाठी आम्ही अर्धं सोलापूर तुडवलं होतं. वेल्डर खाली बसला. मी माझ्या हातांवरचे फोड बघत होतो. अक्का मान वर करून त्या अंतराकडे बघत राहिल्या. मग त्यांनी इकडून तिकडून विटा, दगड गोळा करून जिन्याखाली सरकवायला सुरुवात केली. जिना डुगडुगला, भिंतीला खरचटत एका बाजूला कलला.

"अहो!" खिडकीतून किंकाळीच आली. "काय करताय? वाकडा होतोय!"

"होऊ द्या," अक्का म्हणाल्या. "थोडा वाकडा चालंल."

मला वाटतं, त्या क्षणी मालकांच्या मनात रोगाच्या भीतीपेक्षा मोठं काहीतरी जागं झालं. नोकरीभर त्यांनी कुणाला काही वाकडं बांधू दिलं नव्हतं. ते खिडकीतून नाहीसे झाले आणि थोड्या वेळानं बाजूच्या दारातून, नाकाला उपरणं गुंडाळून, हातात ओळंबा घेऊन बाहेर आले. दोरीच्या टोकाला वजन बांधलेलं ते त्यांचं जुनं साधन त्यांनी लांबूनच जिन्यासमोर धरलं. "डावीकडं. अजून. अरे डावीकडं म्हणजे तुझ्या नाही, माझ्या! त्या विटा काढा आधी. ओटा बांधावा लागेल. परसात माझ्या शहाबादी फरश्या पडून आहेत, त्या घ्या." अक्का माझ्याकडे न बघता पदरानं तोंड पुसत होत्या. पदराआड काय चाललं होतं हे मला चांगलं कळत होतं.

संध्याकाळपर्यंत ओटा झाला. तो वाळेपर्यंत सिस्टर दवाखान्यातच राहिली, आणि तिच्या आईला वेळेवर जेवण पोचवायचं काम अक्कांनी घेतलं. मग जिना त्यावर उभा राहिला, भिंतीला पक्का झाला. गॅलरीचा कठडा कुठं कापायचा याची खूण खडूनं मालकांनी स्वतः खालून काठी लावून दाखवली. "राहू दे" असं ते तोंडानं कधीच म्हणाले नाहीत. सगळं झाल्यावर जिन्याकडे बघून एवढंच बोलले, "तेलपाणी करायला सांगा तिला. गंज चढेल." अक्का म्हणाल्या, "सांगते." रविवार आला आणि गेला. नव्या जिन्यानं वर जाऊन अक्कांनी सिस्टरच्या दारात उभ्या उभ्या चहा घेतला आणि तो फार उत्तम झाल्याचं खाली मालकांना ओरडून कळवलं.

त्या जिन्याला आवाज फार. एकेक पायरी घंटेसारखी वाजायची. सुरुवातीला काकूंना त्या आवाजाचा त्रास होईल म्हणून आम्ही सगळे धास्तावलो होतो. पण काकू पडल्या पडल्या तो ऐकायला लागल्या. पायऱ्या वाजल्या की म्हणायच्या, "आली गं बाई." उशीर झाला की मालकांना विचारायच्या, "अजून जिना वाजला नाही?" मग एका सकाळी खालच्या पायरीवर झाकलेलं ताट दिसलं. कडक भाकरी, शेंगाचटणी, वाटीत दही. कुणी ठेवलं हे कुणी विचारलं नाही. पुढं पुढं काकू खिडकीशी आणि सिस्टर जिन्याच्या मधल्या पायरीवर बसून बोलताना मी स्वतः पाहिल्या आहेत. काकू विचारायच्या, "आज वॉर्डात कितीजण घरी गेले?" सिस्टर फक्त घरी गेलेल्यांचं सांगायची. बाकीच्यांचं काकू विचारत नसत.

सगळीच घरं वाचली असं मी लिहिलं तर अक्काच मला खोटं पाडतील. एक कुटुंब त्यांना न सांगता निघून गेलं. विड्या वळणारी बाई, नवरा, दोन मुली. त्यांच्या मालकाशी अक्कांचं बोलणं चाललं होतं, तोही जवळजवळ तयार झाला होता. पण रोज कुणाचे तरी उपकार घ्यायचे याची त्या बाईला लाज वाटली असावी. एका टेंपोतून ती मंडळी गावाकडं गेली. अक्का गेल्या तेव्हा खोली झाडून स्वच्छ केलेली होती, किल्ली खिळ्याला. त्या बराच वेळ आत उभ्या राहिल्या. मला म्हणाल्या, "एक दिवस आधी यायला पायजे हुतं." त्यानंतर काही दिवस त्यांनी माझ्याशी भांडण केलं नाही, आणि माझी बायको काळजीत पडली. वर्षभरानं ती मंडळी परत सोलापुरात आली, दुसऱ्या भागात राहिली. बरी आहेत. अक्कांनी शोधून काढलंच त्यांना.

आता सगळं कसं दूरचं वाटतं. सिस्टरची बदली झाली. तिच्या जागी एक नवं जोडपं आलं आहे, पुढच्या खोलीतली वाट त्यांना खुली आहे, तरी ते बाहेरच्या जिन्यानंच जातात. मालक दर दिवाळीला त्याला हिरवा रंग देतात आणि पाहुण्यांना सांगतात, "हे माझं डिझाइन." एकदा हे ते माझ्यासमोर, अक्का शेजारी बसलेल्या असताना म्हणाले. मी तोंड उघडणार तोच अक्कांनी मला कन्नडमधून "सुम्न कुंदुर" म्हणून दटावलं. म्हणजे गप बस. मला आता एवढी कन्नड येते.

गुडघ्यांनी अक्कांना दगा दिला आहे. फारसं चालवत नाही. खोल्या शोधणाऱ्या लोकांचे फोन अजून येतात, त्या बसल्या जागेवरून सांगतात आणि मग सांगून झाल्यावर थोडा वेळ फोनकडे बघत राहतात. मागच्या महिन्यात त्यांना अक्कलकोटला जायचं होतं, माहेरच्यांकडं. मी बरोबर गेलो. परतीच्या एसटीत त्यांना खिडकी दिली. दिवस मावळत होता. मला वाटलं होतं की वाटभर त्या प्रत्येक घरावर काहीतरी बोलतील, पण त्या गप्प होत्या. एमआयडीसी जवळ आली तशी पाळी सुटलेली माणसं सायकलींवरून, गाड्यांवरून शहराकडं निघाली होती. कुणाच्या हँडलला डबा, कुणाच्या भाजीची पिशवी. कारखान्यांचा खडखडाट एसटीतही ऐकू येत होता. मग वस्ती सुरू झाली आणि एकेका खिडकीत दिवा लागत गेला. अक्का काचेला कपाळ टेकवून बघत होत्या. एका घराच्या दारात एक माणूस चपला काढत होता, आतून कुणीतरी त्याला काहीतरी विचारत होतं.

"पावणं," अक्का हळू म्हणाल्या. एवढ्या हळू त्या बोलू शकतात हे मला माहीत नव्हतं. "सगळी घरी चालल्यात."

मी म्हटलं, "व्हय, अक्का."

त्यांनी मान हलवली आणि एसटी स्टँडमध्ये शिरेपर्यंत त्या बाहेर बघत राहिल्या.